भोगव्याचे घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे कार्यालय कोल्हापुरात शाहूपुरीत आहे आणि सुट्टीच्या मुक्कामासाठी भाड्याने दिले जाणारे आमचे घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे गावात, समुद्राच्या वरच्या उतारावर आहे. दूरध्वनीवर बहुतेक तेच ते प्रश्न विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत. आरक्षणाची रक्कम भरण्यापूर्वी हे पान एकदा सावकाश वाचावे. ते वाचून आपला बेत बदलला तर आम्हाला वाईट वाटणार नाही. घरी पोहोचल्यावर आपला हिरमोड झाला तर मात्र निश्चित वाटेल.

घर किती मोठे आहे आणि किती माणसे राहू शकतात?

घरात ७ शयनगृहे आहेत. १६ मोठी माणसे आणि ६ मुले यांची झोपण्याची सोय नीट होते. त्याहून अधिक माणसे आम्ही घेत नाही, कारण प्रश्न गाद्यांचा नसून विहिरीच्या पाण्याचा आहे. खालच्या मजल्यावर ओटी, माजघर, दोन स्वयंपाकघरे आणि ३ खोल्या आहेत, वर ४ खोल्या आणि समुद्राकडे तोंड केलेली लांब पडवी आहे. जिना चढू न शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी खालच्या खोल्या राखून ठेवाव्यात, असे आम्ही आवर्जून सांगतो. तरीही दर वेळी तरुण मंडळी आधी पोहोचून त्याच खोल्यांत बॅगा टाकतात, आणि आजोबांना वर चढावे लागते. कृपया हे आपापसांत कोल्हापुरातच ठरवून निघावे. घर एका वेळी एकाच कुटुंबाला किंवा गटाला दिले जाते, सुट्या खोल्या दिल्या जात नाहीत.

जाहिरातीत घर ‘आलिशान’ असल्याचे म्हटले आहे. त्याचा अर्थ काय?

शब्द आम्ही वापरला आहे, तेव्हा त्याचा अर्थ सांगणे आमच्याकडेच येते. प्रत्येक खोलीला वातानुकूलन आणि स्वतंत्र न्हाणीघर आहे, पोहण्याचा तलाव आहे, स्वयंपाकाला आणि वाढायला माणसे आहेत, चादरी एक दिवसाआड बदलल्या जातात. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत आणि आतून त्यांना गिलावा केलेला नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारीही माजघरात पंख्यावर भागते. खोल्यांत दूरचित्रवाणी संच नाहीत. एक आहे तो ओटीवर आहे, आणि तो क्रिकेटच्या सामन्यांपुरता लागतो.

यासोबत एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खारा वारा समुद्राकाठच्या कोणत्याही घराला सोडत नाही. पहिल्या वर्षी आम्ही कोल्हापूरच्या सवयीने लोखंडी बिजागऱ्या लावल्या होत्या; दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या बोटाने दाबल्या तरी पापुद्रे सुटून खाली पडू लागल्या, आणि एका खोलीचे दार तर चौकटीसह हातात आले. आता सर्व कड्या-बिजागऱ्या पितळेच्या आहेत. त्यांच्यावर हिरवट छटा दिसेल, ती अस्वच्छता नव्हे. वातानुकूलनाच्या बाहेरच्या पेट्यांवर गंज दिसेल, तोही दरवर्षी खरवडून रंगवला जातो आणि दरवर्षी परत येतो.

घराला स्वतःचा किनारा आहे का?

नाही, आणि आपल्या देशात तसा दावा कोणी करत असेल तर त्याच्याकडे कागद मागावेत. किनारा सर्वांचा असतो. भोगव्याचा किनारा गावाचा आहे, तेथे होड्या ओढल्या जातात, जाळी सुकतात, मुले खेळतात, आणि आपणही तितक्याच हक्काने जाऊ शकता. घर पाण्यालगत का बांधले नाही, असेही विचारले जाते. किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये त्यांच्या नव्या अधिसूचना निघाल्या. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवे घर सहसा बांधता येत नाही. आमचे घर त्या रेषेपासून ३०० मीटरहून अधिक अंतरावर आणि उंचावर आहे. खाली जायला ११२ पायऱ्या आहेत. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांना सकाळी आणि संध्याकाळी जीपने खाली सोडले व आणले जाते.

उंचीचा फायदा असा, की पडवीत बसल्या जागी उजवीकडे कर्ली नदीचे मुख आणि त्यापलीकडे देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी दिसते, आणि हवा स्वच्छ असेल त्या रात्री डावीकडे दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाची उघडझाप दिसते.

कोल्हापूरहून कसे यावे?

अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे आणि चहा-नाश्त्यासह साडेचार ते पाच तास लागतात. राधानगरी आणि दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवलीला मुंबई–गोवा महामार्ग गाठावा, तेथून कुडाळ, आणि कुडाळहून परुळेमार्गे भोगवे, हा आमचा नेहमीचा रस्ता आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि कणकवली असेही येता येते. आमच्या आजोबांच्या काळी याच वाटेने गूळ खाली उतरत असे आणि नारळ-आमसूल वर चढत असे, त्यामुळे आम्हाला तो घाट जवळचा वाटतो. पण पावसाळ्यात दरडी कोसळून तो बंद होतो, आणि बंद झाल्यावर भुईबावडा घाटावर सगळा भार येतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात निघण्याच्या दिवशी सकाळी आम्हाला दूरध्वनी करावा, कोणता घाट चालू आहे ते आम्ही सांगतो. गडहिंग्लज आणि आजऱ्याच्या मंडळींनी आंबोलीवरून सावंतवाडीला उतरणे सोयीचे आहे.

फोंडा घाटातून येणाऱ्यांना एक विनंती आहे. दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात, आणि रात्री दिव्यांच्या झोतात गवा दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. दुकान बंद करून रात्री ९ वाजता कोल्हापूर सोडण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती येथे सोडावी. पहाटे ५ ला निघावे. जेवायला घरी पोहोचता.

रेल्वे किंवा विमानाने येता येते का?

मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक सोयीचे आहे. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाविषयी आपण लहानपणापासून ऐकत आहात, तसे आम्हीही ऐकत आहोत. गाडी अजून सुरू झालेली नाही. चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि तो घरापासून अगदी जवळ आहे, परंतु तेथील विमानांचे वेळापत्रक बदलत राहते, त्यामुळे परतीचा बेत केवळ विमानावर अवलंबून ठेवू नये.

समुद्रात पोहणे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत कमी विचारला जातो आणि याचे उत्तर आम्हाला सर्वांत जास्त वेळ द्यावेसे वाटते. कोल्हापूरचा माणूस पाण्याला घाबरत नाही. पंचगंगेच्या घाटावरून किंवा शेतातल्या विहिरीत मुटका मारून तो पोहायला शिकलेला असतो, आणि नेमकी तीच गोष्ट समुद्रात त्याच्या अंगाशी येते. विहिरीचे पाणी जागेवर असते आणि नदीचे पाणी एकाच दिशेने ओढते. समुद्रात मात्र लाटेने किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते, आणि तो पट्टा वरून शांत दिसतो. आजूबाजूला लाटा फुटत असताना मध्येच जेथे पाणी सपाट आणि गढूळ दिसते, ती जागा पोहण्यास चांगली वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत धोक्याची असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर आत यावे. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून मदत मागावी.

उत्तरेकडे, कर्ली नदीच्या मुखाजवळ, आमचे पाहुणे कोणत्याही वेळी पाण्यात उतरणार नाहीत, अशी अट आरक्षणाच्या कागदावर आहे. ओहोटीच्या वेळी नदीचे आणि खाडीत शिरलेले सगळे पाणी त्या एका तोंडातून समुद्रात जाते आणि तळची वाळू दर हंगामात जागा बदलते. किनाऱ्यावर घरातर्फे गावातला एक अनुभवी मच्छीमार सकाळी ७ ते १० आणि दुपारी ४ ते सूर्यास्तापर्यंत हजर असतो. त्यांना सर्व जण काका म्हणतात. काकांनी ‘आज नको’ म्हटले की विषय संपतो. मालकांना दूरध्वनी करून परवानगी मिळत नाही. जून ते सप्टेंबर समुद्रस्नान पूर्ण बंद असते, आणि मद्य घेतलेल्या व्यक्तीस खाली सोडले जात नाही.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळेल?

रोजची वेळ ओटीवरच्या फळ्यावर लिहिलेली असते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे कालच्या वेळेपेक्षा आजची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. किनाऱ्यावरची जुनी माणसे घड्याळाऐवजी पंचांग पाहतात: तिथीचा आकडा तीनने गुणून चारने भागायचा, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला ८ गुणिले ३ म्हणजे २४, भागिले ४ म्हणजे ६, तेव्हा सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. हा ठोकताळा आहे आणि त्यात तासभराचा फरक धरावा, पण मुलांना तो फार आवडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी.

गाडी किनाऱ्यावर नेता येईल का?

येणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्यांनी छायाचित्रासाठी नवी गाडी ओल्या वाळूवर नेली. वाळू घट्ट दिसत होती, पण गाडी थांबताच चाके रुतली, आणि चाके जितकी फिरवली तितकी ती खाली गेली. भरती चढू लागली होती. शेजारच्या वाडीतला ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत आले. गाडी निघाली, पण पुढे तिच्या खालच्या भागाला लागलेला गंज कोणत्याही विम्यात बसला नाही, असे त्यांनीच नंतर कळवले.

हिवाळ्यात रात्री समुद्राकडचे दिवे बंद का असतात?

वेंगुर्ले तालुक्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर येण्यास ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्ले रात्री उजेडाच्या दिशेने चालतात, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ दिसतो तो समुद्र; वरच्या घराचे दिवे लागलेले असले तर ती उलट्या दिशेने चढू लागतात. म्हणून डिसेंबर ते मे पडवीतले दिवे ८ नंतर मालवले जातात. कंदील दिले जातात. आधी कुरकुर करणाऱ्या पाहुण्यांना दुसऱ्या रात्री कधी नव्हे इतके तारे दिसतात, आणि तक्रार तेथेच मिटते.

जेवण कसे असते? तांबडा-पांढरा रस्सा मिळेल का?

स्वयंपाक गावातल्या दोन वहिनी करतात आणि तो मालवणी पद्धतीचा असतो. सकाळी घावणे किंवा आंबोळी आणि चटणी, दुपारी उकड्या तांदळाचा भात, त्या दिवशी मिळालेल्या मासळीचे सार, तळलेला तुकडा, सोलकढी. रात्री कोंबडी-वडे किंवा काळ्या वाटाण्याचे सांबारे. शाकाहारी पाहुण्यांसाठी दुसरे स्वयंपाकघर आणि भांडी स्वतंत्र आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर ओल्या काजूगरांची उसळ अवश्य सांगावी. ती सांगून करावी लागते, कारण ओले काजू सोलताना त्यांच्या चिकाने बोटांची कातडी निघते, आणि वहिनी हाताला तेल लावून सकाळपासून बसतात.

मासळीची यादी आगाऊ देता येत नाही. सुरमई हवी होती आणि बांगडा आला, अशी तक्रार आम्ही ऐकून घेतो, पण तिची भरपाई करत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक मासेमारीस बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत सुके मासे, खाडीची मासळी आणि कोंबडी यांवर भागवावे लागते.

आता तांबड्या-पांढऱ्याविषयी. कोल्हापूरकर समुद्रावर पहिल्या दिवशी मासे खातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मटणाची चौकशी करतो, हे आम्ही जाणून आहोत, कारण आम्हीही तेच करतो. मटण कुडाळहून मागवता येते, त्यासाठी आदल्या दिवशी सांगावे. रस्सा मात्र आपल्यासारखा होत नाही. वहिनींच्या हाताला ओल्या नारळाची सवय आहे आणि त्या मसाला अर्धाच टाकतात. घरची कांदा-लसूण चटणी सोबत आणावी आणि घरातल्या कोणीतरी पदर खोचून स्वयंपाकघरात उभे राहावे. वहिनी आनंदाने जागा देतात. मागच्या दिवाळीत एका आजींनी त्यांना पांढरा रस्सा शिकवला आणि परत जाताना तिरफळ घातलेल्या बांगड्याची कृती लिहून नेली.

रापण पाहता येते का? मासे विकत मिळतात का?

पाहता येते, आणि दोर ओढायला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळात टाकलेले आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून माणसांनी ओढलेले मोठे जाळे. तासभर दोर ओढल्यावर जाळ्याचा पोट असलेला भाग जवळ येतो, वर कावळे आणि घारी जमतात, आणि वाळूवर मासळी पडते. तेथे लगेच भाव करू नये. मासळीचे आधी वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा. आपण दहा मिनिटे दोर धरला म्हणून आपला वाटा लागत नाही. तरी कोणी मूठभर तारल्या हातावर ठेवल्या तर त्या घ्याव्यात आणि पैसे काढू नयेत. विकत घ्यायची असल्यास वाटे झाल्यावर काकांना मध्ये घालावे.

जवळपास काय पाहावे?

निवतीचा किल्ला आणि त्याखालचे बंदर, परुळ्याचे आदिनारायणाचे मंदिर, तलावाकाठचे वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर, आणि कर्ली नदीतून बोटीने देवबागचा संगम, एवढे एका दिवसात सहज होते. सावंतवाडीची लाकडी खेळणी परतीच्या वाटेवर ठेवावीत.

मालवणसाठी मात्र पूर्ण दिवस द्यावा. समोर दिसणाऱ्या देवबागला रस्त्याने जायला नदीला वळसा घालावा लागतो आणि मालवण गाठायला तासभर लागतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू केले आणि ते १६६७ मध्ये पूर्ण झाले. आपल्या दृष्टीने त्याचा पुढचा इतिहास अधिक जवळचा आहे, कारण हा किल्ला नंतर कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, काही काळाने परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवणसह तो कोल्हापूरच्या हातून कायमचा गेला. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरातील बैठी मूर्ती जरूर पाहावी. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात.

पावसाळ्यात घर सुरू असते का?

सुरू असते आणि दर बराच कमी असतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा ‘अधूनमधून सर’ असा समज करून येऊ नये. कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी सोडते, पोहण्याचा तलाव बंद असतो. पडवीत बसून चार दिवस समुद्राचा आवाज ऐकण्याची तयारी असलेल्यांनीच यावे. काही पाहुणे दरवर्षी केवळ त्यासाठीच येतात.

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवसापासून ७ दिवस घर बंद असते. आमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी गणपती असतो, आणि त्या दिवसांत कोकणातल्या माणसाकडून काम मागणे आम्हाला योग्य वाटत नाही. कितीही दर देऊ केला तरी याला अपवाद केला जात नाही.

वीज, पाणी आणि मोबाइलची स्थिती काय आहे?

वीज जाते, विशेषतः वादळी पावसात. जनित्र आहे, पण त्यावर सर्व खोल्यांचे वातानुकूलन एकदम चालत नाही. विहिरीचे पाणी गोडे आहे. एप्रिल-मेमध्ये ते खाली जाते आणि जास्त उपसले तर खारट लागू लागते, म्हणून त्या दोन महिन्यांत तलावाचे पाणी बदलले जात नाही, केवळ गाळले जाते. मोबाइलचा सिग्नल आमच्या हातात नाही. वरच्या पडवीच्या दक्षिण टोकाला तो बरा असतो. वायफाय आहे, त्यावर दूरचित्र बैठक होईलच अशी हमी देत नाही.

ध्वनिवर्धक आणि मद्य यांविषयी काय नियम आहेत?

बाहेर ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्री १० नंतरची बंदी कायद्याची आहे. त्याआधीची आमची, कारण खालच्या वाडीतली माणसे पहाटे ४ ला होडी काढतात आणि आपल्या जेवणाच्या वेळी झोपलेली असतात. घरात मद्य विकले किंवा पुरवले जात नाही. गोवा जवळ आहे म्हणून तेथून बाटल्या आणण्याचा मोह होतो, परंतु गोव्यातील मद्य विनापरवाना महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे आणि हद्दीवर गाड्या तपासल्या जातात. अशा प्रकरणात घरमालक म्हणून आम्ही मध्यस्थी करत नाही.

आरक्षण, कर आणि रद्द करण्याची पद्धत कशी आहे?

किमान मुक्काम २ रात्रींचा आहे, दिवाळी आणि नाताळात ३ रात्रींचा. निम्मी रक्कम आरक्षणाच्या वेळी आणि उरलेली पोहोचण्याच्या ७ दिवस आधी द्यावी लागते. खोलीचा एका रात्रीचा आकार ७,५०० रुपयांपेक्षा अधिक पडत असल्याने १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो सांगितलेल्या दरात धरलेला नसतो. ‘पक्के बिल नको’ अशी विनंती करू नये. १५ दिवस आधी रद्द केल्यास सर्व रक्कम परत, त्यानंतर निम्मी. दरड कोसळून सर्व घाट बंद झाले किंवा प्रशासनाने वादळाचा इशारा देऊन प्रवास थांबवला, तर कोणत्याही क्षणी पूर्ण रक्कम परत मिळते. सर्व प्रौढांची ओळखपत्रे लागतात. परदेशी नागरिक असल्यास त्यांच्या मुक्कामाची सरकारदरबारी नोंद आगमनापासून २४ तासांत आम्हाला करावी लागते, त्यामुळे पारपत्र आणि व्हिसाच्या प्रती आधी पाठवाव्यात.

पाळीव कुत्रा आणता येईल का?

येईल, पण खाली वाळूवर साखळीनेच न्यावा आणि कासवांच्या हंगामात नेऊ नये.

सोबत काय आणावे?

टोपी, सुती कपडे, ज्येष्ठांची औषधे पूर्ण मुक्कामाची, आणि टॉर्च. मोठ्या औषधाच्या दुकानासाठी कुडाळ गाठावे लागते. कोल्हापुरी चप्पल घालून वाळूवर जाऊ नये. खाऱ्या पाण्याने चामडे आखडते आणि दुसऱ्या दिवशी अंगठा आत जात नाही. ओटीवर रबरी चपला ठेवलेल्या आहेत, त्या वापराव्यात.

विसरलेल्या वस्तू परत मिळतात का?

मिळतात. दर सोमवारी नारळाच्या टेम्पोबरोबर त्या शाहूपुरीच्या कार्यालयात येतात आणि ३ महिने कपाटात ठेवल्या जातात. आज त्या कपाटात चष्म्याची दोन घरे, एक पितळी अडकित्ता, लहान मुलाचा लाल बूट आणि आखडलेली एक कोल्हापुरी चप्पल आहे, फक्त डाव्या पायाची.